दगड, कापड, सावली: ॲरिझोनातले पाच दिवस

पहिला दिवस

“मावशी, सग्वारो नाही, सवारो. मधला ग गिळायचा.” विमानतळावरून गाडी बाहेर काढता काढता भाच्याने माझी पहिली चूक सुधारली. तोवर तो निवडुंग मी चित्रांतच पाहिला होता. इथे तो रस्त्याच्या दुभाजकात उभा होता, वाहतूक पोलिसासारखे हात वर करून.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. उन्हात स्वेटर नकोसा व्हायचा, सावलीत पाऊल टाकलं की पुन्हा हवासा. दोन पावलांवर ऋतू बदलत होता. या प्रकाराची नोंद घ्यायची असं काही मी ठरवलं नव्हतं, पण पुढचे पाच दिवस दुसरं काही सुचलंच नाही.

मी सिव्हिल इंजिनियर. बत्तीस वर्षं साइटवर काढली, आता निवृत्त. आर्किटेक्ट मंडळींबद्दल मला आदर आहे, पण सेंट्रिंग, म्हणजे ओतलेलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत धरून ठेवणाऱ्या फळ्या, उतरवल्यावर जेवढा उरतो तेवढाच. ‘ऑरगॅनिक आर्किटेक्चर’ म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. कोपरे गोल केले, भिंतीला मातकट रंग दिला, चार वेली सोडल्या की झालं ऑरगॅनिक, असं बघत आलेय. ज्याने हा शब्द गाजवला त्या अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटला असलं काही म्हणायचं नव्हतं. इमारत तिच्या जागेतून, तिथे मिळणाऱ्या सामानातून आणि तिथे राहणाऱ्यांच्या रोजच्या वावरातून उगवावी, एवढं त्याचं म्हणणं. बोलायला सोपं. म्हणून भाच्याने “ग्रँड कॅन्यन की लास व्हेगस?” विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला त्याचं वाळवंटातलं घर बघायचंय. भाचा गप्पच झाला. सहा वर्षं इथे राहून, फ्रँक लॉइड राइट बुलेव्हार्ड नावाच्या रस्त्याने शेकडो वेळा जाऊनही तो तिथे एकदाही गेला नव्हता.

दुपारी डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमध्ये गेलो. १९३९ पासूनची ही बाग. सोनोरन वाळवंट म्हणजे वाळूचे डोंगर नव्हेत, हे तिथे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. खडक, खुरटी झुडपं, हिरव्या सालीचे पालो व्हर्दे. पानं फार बारीक, म्हणून हे झाड सालीनेच सूर्यप्रकाश खातं. याच्याच आडोशाला सग्वारोचं रोप जगतं. पहिल्या आठ वर्षांत ते जेमतेम इंच-दीड इंच वाढतं आणि हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागू शकतात. दुभाजकातला तो हात वर केलेला पोलीस म्हणजे कुणाचा तरी पणजोबाच निघाला.

मला सगळ्यात आवडला तो मेलेला सग्वारो. गर कुजून गेल्यावर आत लाकडी काठ्यांचं कडं उरतं, उभ्या सळया गोल रचून ठेवाव्यात तसं. जिवंत झाडात या काठ्यांभोवती गर आणि बाहेर घड्यांची साल. पाणी मिळालं की घड्या उलगडतात, झाड फुगतं. उन्हाळ्यात पुन्हा आकसतं. प्रत्येक घडी शेजारच्या खाचेवर सावली धरते. राइटला या झाडात पोलादाच्या सळया घातलेल्या बांधकामाचा उत्तम नमुना दिसायचा. मी त्या काठ्यांच्या कड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. कॉलममधल्या सळया मी आयुष्यभर मोजल्या, पण तहान लागली की आकसणारा कॉलम कधी पाहिला नव्हता.

दुसरा दिवस

मॅकडॉवेल डोंगराच्या पायथ्याशी सकाळी लवकर थोडं चाललो. त्यात मी चोया नावाच्या निवडुंगाच्या झुडपाजवळून गेले. ‘गेले’ म्हणजे हातभर अंतर ठेवूनच, पण त्याचा एक काटेरी गोळा बाहीला येऊन चिकटला. हा उडी मारतो असं लोक म्हणतात. उडी मारत नसणार, पण त्या क्षणी मला ते मान्य नव्हतं. भाच्याने खिशातून साधा कंगवा काढला, गोळ्याखाली सरकवला आणि झटक्यात उडवला. “इथे सगळे कंगवा ठेवतात. केसांसाठी नाही,” तो म्हणाला.

मग टॅलिएसिन वेस्ट, राइटचं ते वाळवंटातलं घर.

गंमत अशी की भाचा चँडलर गावात राहतो आणि राइटने वाळवंटात पहिला तळ ठोकला तो त्या गावाच्या मूळपुरुषामुळेच. डॉ. अलेक्झांडर चँडलर मूळचे जनावरांचे डॉक्टर. त्यांना वाळवंटात एक भपकेदार हॉटेल बांधायचं होतं. त्या कामासाठी १९२९ मध्ये राइट आपल्या ड्राफ्ट्समनांना घेऊन इथे आला आणि भाड्याने घरं घेण्याऐवजी फळ्या आणि कॅनव्हासचा तळ ठोकून राहिला. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. हॉटेल कागदावर राहिलं, तळ उठला. पण कापडातून गाळून येणारा उजेड काही त्याच्या डोक्यातून गेला नाही. १९३७ मध्ये, सत्तरीत, न्यूमोनियातून उठलेल्या राइटने विस्कॉन्सिनची थंडी टाळायला इथे जमीन घेतली आणि पुन्हा तळ ठोकला. १९५९ मध्ये तो गेला, तोवर त्याचे हिवाळे बहुतेक इथेच गेले. त्या तळाचीच पुढे ही वास्तू झाली. २०१९ मध्ये युनेस्कोने राइटच्या आठ वास्तू जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या, त्यात ही आहे.

गाइडबाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी सगळ्यांना आधी बाहेर उभं करून डोंगराकडे बघायला लावलं, मग छपराकडे. छपराची तिरकी रेघ आणि डोंगराचा उतार एकमेकांशी बोलतात असं त्या म्हणाल्या. खरं आहे ते. पण माझं लक्ष केव्हाच भिंतीकडे गेलं होतं.

भिंत तळाशी जाड, वर निमुळती. सांगाड्याच्या फळ्या आधी उभ्या करायच्या. याच जमिनीवरचे मोठे दगड उचलून आणायचे, त्यांची सपाट बाजू आतून फळीला टेकवून ठेवायची. मधली पोकळी इथल्याच ओढ्यांच्या वाळूत कालवलेल्या काँक्रीटने भरायची, त्यातही दगडगोटे टाकत जायचे म्हणजे सिमेंट कमी लागतं. फळ्या काढल्या की दगडांचे चेहरे बाहेर. चेहऱ्यावर ओघळलेलं सिमेंट खरवडून, धुऊन काढायचं. घडवलेला एकही दगड नाही, घडवणारा पाथरवटही नाही. नवशिका माणूस हे काम दोन दिवसांत शिकेल.

मी वाकून एक दगड नीट पाहिला. दोन विती रुंद, गंजक्या तांबड्या रंगाचा, एका कोपऱ्यात जांभळट झाक. खालच्या कडेला काँक्रीट नीट बसलं नव्हतं, खडी उघडी पडली होती. माझ्या साइटवर असा हनीकोंब दिसला असता तर मी मुकादमाला वर बोलावून विचारलं असतं, व्हायब्रेटर काय झोपला होता? इथे तो दोष म्हणून दिसतच नाही. समोरची टेकडीही तशीच आहे, खडबडीत, भोकाभोकांची, ठिपक्याठिपक्यांची. वाळवंटात सरळ, गुळगुळीत रेघ कुठेच नाही, सगळ्या रेघा तुटक असतात, हे राइटचं निरीक्षण. हे एकदा पटलं की भिंतीतला ओबडधोबडपणा तुम्हाला लपवावा लागत नाही. हिशोबी माणूस होता.

तळहात टेकवला. पूर्वेची बाजू कोमट, तीच भिंत वळून उत्तरेकडे गेली की गार. एवढ्या जाडीची भिंत दिवसभर ऊन पीत बसते आणि रात्री ते हळूहळू परत देते, हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. हाताने शिकायला साठी उलटावी लागली.

आत जाताना दार इतकं ठेंगणं की भाच्याने आपोआप मान खाली घातली. बुटकी, अंधारी वाट आणि एकदम मोठी उजळ खोली, हा राइटचा ठरलेला खेळ. माहीत असूनही फसायला होतं. गार्डन रूममध्ये छपरातून सावली न पडणारा उजेड येतो. मूळचं छप्पर रेडवूडच्या तुळया आणि त्यावर ताणलेलं कॅनव्हास. सुरुवातीला खिडक्यांना काचाच नव्हत्या, कापडाची झडपं उघडायची नि लावायची. पाऊस आला की गळायचं. उन्हाळ्यात सगळी मंडळी विस्कॉन्सिनला परतायची, कापडं उतरवायची. हिवाळ्यात आल्यावर पुन्हा ताणायची, आणि दर वर्षी काहीतरी पाडून नवं उभं करायचं. आज कापडाच्या जागी कृत्रिम पत्रे-पडदे आहेत. उजेड तसाच दिसतो, पण वाऱ्याने फडफडणारं छप्पर गेलं ते गेलंच.

काचा चाळीसच्या दशकात आल्या, आणि तिथेच मला राइट माणूस म्हणून दिसला. कट्ट्यावर एक मातीचं भांडं होतं. काच नेमकी भांडं होतं तिथूनच जाणार होती. भांडं अलीकडे किंवा पलीकडे सरकवलं की प्रश्न मिटला. राइटने काचेलाच भोक पाडायला लावलं. भांडं आजही तिथेच आहे, अर्धं घरात, अर्धं बाहेर. भाचा पोट धरून हसला. मी त्या काच कापणाऱ्याचा विचार करत होते.

हा विचार दिवसभर पाठ सोडेना. या भिंती बांधल्या कुणी? १९३२ मध्ये राइट पती-पत्नीने शिष्यांसाठी ‘फेलोशिप’ सुरू केली. शिष्य फी भरून यायचे, आणि शिकणं म्हणजे दगड उचलणं, काँक्रीट कालवणं, स्वयंपाक करणं, मग ड्रॉइंग. राहायला तंबू, किंवा वाळवंटात स्वतःच बांधलेली खोपटी. शिक्षण म्हणून मला ही पद्धत मनापासून आवडते. ज्याने काँक्रीट वाहिलं नाही त्याने ते कागदावर काढू नये. पण मजुरीच्या रकान्यात शून्य लिहून, उलट जमेच्या बाजूला फी लिहायची, असा ठेका मला कधी मिळाला नाही बुवा.

बाहेर शिळांवर जुनी कोरीव चित्रं आहेत, होहोकाम लोकांची. त्यातल्या एका चौकोनी वेटोळ्यावरून राइटने आपलं चिन्ह घेतलं. पुढे त्रिकोणी कट्टा गलबताच्या नाळेसारखा वाळवंटात घुसतो. तिथे उभं राहिलं की खाली दिसतं ते मात्र वाळवंट नव्हे, स्कॉट्सडेल शहर. चाळीसच्या दशकाच्या शेवटी समोरून विजेच्या तारा जाणार म्हणून राइट भांडला, प्रकरण थेट राष्ट्राध्यक्ष ट्रूमनपर्यंत नेलं, आणि हरला. मग त्याने घराचा तोंडवळाच फिरवला, डोंगराच्या बाजूला. तारा अजून आहेत. मी मुद्दाम त्यांच्यासकट फोटो काढला.

परतताना त्याच्या नावाच्या रस्त्यावर सिग्नलला थांबलो. दोन्ही बाजूंना दुकानं आणि गाड्या ठेवायची मैदानं. भाचा म्हणाला, “ह्याने ह्या रस्त्याला काय म्हटलं असतं गं?” मी म्हटलं, भोक पाडायला लावलं असतं.

तिसरा दिवस

आर्किटेक्ट पाओलो सोलेरी इटलीतल्या तुरिनचा. शिक्षण संपवून तो राइटकडे आला, दीडेक वर्ष राहिला आणि बाहेर पडला. पुढे पॅराडाइज व्हॅलीत त्याने कोसांती हे आपलं घर आणि कार्यशाळा उभारली, ती सकाळी पाहिली.

१९५६ मधलं तिथलं पहिलं ‘मातीचं घर’ बघून मी बराच वेळ बोललेच नाही. सेंट्रिंगच नाही! मातीचा ढीग रचायचा, हवा तसा घुमट थापायचा, त्यावर रेघोट्या, नक्षी कोरायची, जाळी अंथरायची, वर काही इंच काँक्रीट ओतायचं. घट्ट झालं की खालची माती उकरून काढायची. खड्डा झाला की खोली तयार. नक्षी छताला उलटी उमटलेली. अर्धी खोली जमिनीच्या पोटात असल्याने उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. सेंट्रिंगच्या बिलांवरून मी जेवढी भांडणं केलीत ती सगळी डोळ्यांपुढून गेली. अर्थात उकरणारे हात फुकट मिळायला हवेत, ही अट इथेही होतीच.

कोसांती या नावात ‘वस्तूंच्या विरोधात’ असा इटालियन शब्दांचा खेळ आहे. तिथे वस्तू विकतात. पितळी रंगाच्या ब्राँझच्या आणि मातीच्या घंटा, रांगेने टांगलेल्या. भाच्याने एक घेतली. गाडीत मागच्या सीटवर ती प्रत्येक वळणाला वाजत राहिली.

दुपारी उत्तरेकडे निघालो. फिनिक्सपासून सुमारे ११० किलोमीटरवर, महामार्ग सोडून कच्च्या रस्त्याने गेलं की आर्कोसांती, सोलेरीचं प्रयोगाचं गाव. सग्वारो केव्हाच मागे पडतात, हवा बदलते. आग्वा फ्रिया नदीच्या घळीकाठी काळ्या बसाल्टच्या पठारावर हा पसारा आहे. बसाल्ट दिसल्यावर मला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

सोलेरीने १९७० मध्ये हे काम सुरू केलं. आर्किटेक्चर आणि इकॉलॉजी मिळून त्याने ‘आर्कॉलॉजी’ हा शब्द घडवला. राइटचं स्वप्न होतं प्रत्येक कुटुंबाला एकेक एकर जमीन आणि मोटार. सोलेरी म्हणाला, अशानेच वाळवंट खाल्लं जातं. त्यापेक्षा पाच हजार माणसं एकावर एक, दाटीने राहू देत, मोटार नको, आणि भोवतीचं रान मोकळं सोडा. शिष्याने गुरूची परतफेड अशी केली. पाच हजार काही आले नाहीत. आज तिथे काही डझन माणसं राहतात.

रात्री तिथेच पाहुण्यांच्या खोलीत मुक्काम. माझे जाड लोकरी कपडे गाडीत राहिले आणि गाडी वर, मी खाली. अंधारात चढ चढायचा आळस केला, त्याची शिक्षा पहाटेपर्यंत भोगली. मात्र त्यामुळे तीनला जाग आली आणि खिडकीत एवढे तारे होते की थंडीचं काही वाटेनासं झालं.

चौथा दिवस

सूर्य उगवल्यावर मी पहिली घंटांच्या भट्टीकडे गेले. भट्टी आहे एका काँक्रीटच्या अर्ध्या घुमटात. गोल भोपळा उभा आडवा कापून त्याची एक फोड जमिनीवर ठेवावी आणि तिचं उघडं तोंड दक्षिणेला करावं, असा आकार. इथला अक्षांश चौतीसच्या आसपास. म्हणजे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य जेमतेम बत्तीस अंशांवर, जूनमध्ये एकोणऐंशीवर. हिवाळ्याचं तिरपं ऊन फोडीच्या पार तळापर्यंत शिरतं, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा तीच कमान सावली धरते. ना पंखा, ना बटण. मी घड्याळ लावून बघत बसले. साडेनऊला ऊन साच्यांच्या पहिल्या रांगेवर होतं. भाचा कॉफी पिऊन, फोनवर ऑफिसची एक मीटिंग उरकून आला तोवर आणखी दोन रांगा उजळल्या होत्या.

“तू काय बघतेयस?”

“ऊन.”

तो शेजारी बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “हे चालतंय गं खरंच.”

मग ब्राँझ ओतायची वेळ झाली. अंगभर चामड्याचे एप्रन, तोंडावर ढाली. दोघांनी लांब दांड्यांच्या पकडीत मूस उचलली. आतला रस बाराशे अंशांच्या आसपास, रंग सांगायचा तर उगवत्या सूर्याकडे बघावं तसा. ओल्या वाळूच्या साच्यात बारीक धार धरली, साचा भरला की मनगट वळवून धार तोडायची, पुढचा साचा. कुणी काही बोलत नव्हतं. मूस धरणाऱ्यांतली एक मुलगी विशीतली असेल. रांग संपल्यावर तिने ढाल वर केली आणि नाकावरचा घाम खांद्याला पुसला. काँक्रीट ओतताना आमची माणसं अगदी असाच घाम पुसतात, हात भरलेले म्हणून.

घंटांच्या विक्रीतून इथला बराच खर्च निघतो. उरलेलं काम गेल्या पाच दशकांत हजारो शिकाऊंनी केलं, तेही पैसे भरून. पुन्हा तेच! इथल्या गाइडला मी न राहवून विचारलं, पुढची इमारत कधी? तो हसला आणि म्हणाला, आधी आहे ते राखायचंय. काँक्रीटवर वय दिसतं. दिवसा तापायचं, रात्री गारठायचं, रोज ताणायचं, रोज आकसायचं. सग्वारोला घड्या आहेत, काँक्रीटला नाहीत. म्हणून त्याला तडे.

सेडोनाच्या वाटेवर माँटेझुमा कॅसल. नाव साफ चुकीचं, अॅझ्टेक राजा माँटेझुमाचा याच्याशी काही संबंध नाही. तो जन्मण्याआधीच इथली माणसं निघून गेली होती. सिनाग्वा लोकांनी आठ-नऊशे वर्षांपूर्वी चुनखडीच्या कड्यातल्या कपारीत, जमिनीपासून खूप उंचावर, पाच मजले आणि वीसेक खोल्या रचल्या. तुळया सिकॅमोरच्या, खालच्या ओढ्याकाठच्या. १९५१ पासून आत कुणाला सोडत नाहीत, खालून माना वर करून बघायचं. मी बघितलं आणि सकाळचा अर्धा घुमट आठवला. वर खडकाची कमान, तोंड उन्हाकडे. सोलेरीने जी कपार ओतून घेतली ती या लोकांना डोंगराने आयती दिली होती. भाच्याच्याही ते लक्षात आलं. मी काही बोलायच्या आत त्याने हवेत हाताने भोपळ्याची फोड काढून दाखवली.

संध्याकाळी सेडोनातलं चॅपल ऑफ द होली क्रॉस. मार्गेरित ब्रन्सविग स्टॉड या शिल्पकार बाईंनी १९३२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंग बघताना त्यात क्रूस पाहिला आणि चोवीस वर्षांनी, १९५६ मध्ये, तो इथे लाल खडकांच्या बेचक्यात उभा केला. नव्वद फुटी क्रूस हाच समोरच्या भिंतीचा कणा. फोटोत अप्रतिम. प्रत्यक्षातही अप्रतिम, फक्त गर्दी फार. मला ते चॅपल खडकातून उगवलेलं वाटलं नाही, खडकावर नेमकं आणून ठेवल्यासारखं वाटलं. पण आत बसल्यावर काचेतून समोरचे लाल डोंगर आणि उतरतं ऊन दिसत होतं, तेव्हा तक्रार करायला जीभ रेटेना.

पाचवा दिवस

शेवटचा दिवस भाच्याच्या मते खरेदीचा होता. मी म्हटलं, आणखी एकच. फिनिक्सच्या आग्नेयेला तासाभरावर, कूलिज गावाशेजारी कासा ग्रांदे. हे बांधणारे राइट-सोलेरीच्या कितीतरी आधीचे, होहोकाम, ज्यांचे वंशज म्हणवणारे ओओधाम लोक आजही इथे आहेत. वाळवंटात शेकडो मैल कालवे खणून त्यांनी शेती केली. फिनिक्सचे आजचे काही कालवे त्यांच्याच वाटेने जातात.

१३५० च्या सुमाराला त्यांनी हे चार मजली मोठं घर पुरं केलं. सामान एकच, पायाखालची कॅलीची. चुन्याने घट्ट झालेली, सिमेंटासारखी माती. सुमारे तीन हजार टन. ती पाण्यात कालवून हातांनी थराथराने चढवली आहे, भिंत तळाशी चारेक फूट जाड. फळ्या नाहीत, सांगाडा नाही. थर वाळायची वाट बघायची, मग पुढचा. थरांच्या आडव्या रेघा अजून स्पष्ट दिसतात, रोजचं काम कुठे थांबलं ते भिंतीवर लिहिलेलं. तुळया मात्र लांबून, साठेक मैलांवरच्या डोंगरांतून आणलेल्या. चाक नाही, ओझ्याचं जनावर नाही.

पश्चिमेच्या भिंतीत वर एक गोल भोक आहे. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी मावळता सूर्य बरोबर त्यात येतो. शतकभर राबता राहिला आणि मग लोक गाव सोडून गेले. १८९२ मध्ये सरकारने ही जागा राखीव केली. अमेरिकेत कुठल्याही पुरातन वास्तूला असं पहिल्यांदाच संरक्षण मिळालं.

आणि तिच्यावर एक छत्री आहे. खरंच छत्री, चार तिरप्या पोलादी पायांवर उभं प्रचंड छप्पर, १९३२ मधलं. मातीच्या घराला पाऊस लागू नये म्हणून. त्याआधी १९०३ मध्ये रेडवूडच्या खांबांवर पत्र्याचं होतं. भाच्याला ते बघवेना. “सगळ्या फोटोची वाट लावलीय.” मला मात्र त्या पायांपासून हलवेना. फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड धाकटे या लँडस्केप आर्किटेक्टचं हे डिझाइन. पाय मुद्दाम लांब, बाहेर फाकलेले, जुन्या भिंतीला कुठेही न टेकणारे. वाळवंटात इमारत एकदा उगवली की आपोआप उभी राहते असं मानणाऱ्याला इथे आणून उभं करावं. कापड ताणणारे आले नाहीत, थर लिंपणारे निघून गेले, की मग कुणीतरी येऊन छत्री धरावी लागते.

दुपारचे तीन वाजले होते. छपराची सावली घराच्या नैऋत्य कोपऱ्यावरून सरकत होती. मी भिंतीला हात लावायला पुढे झाले तर दोरी आडवी. गणवेशातल्या रेंजरने लांबूनच मान हलवली. मी हात मागे घेतला.

“मावशी, वर बघ,” भाचा कुजबुजला. छताच्या पोलादी तुळईवर एक घुबड बसलं होतं, शिंगाळं, आमच्याकडे पाठ करून. ऊन जसं आत येत होतं तसं ते अर्ध्या-अर्ध्या पावलाने सावलीकडे सरकत होतं. आम्ही पार्किंगमध्ये पोचेपर्यंत ते तुळईच्या टोकाला गेलं असावं. गाडीचं दार लावलं आणि मागच्या सीटवर घंटा वाजली.